चहाच्या कपावर फोडलेलं खापर

मुंबईच्या उपनगरांत सध्या एक उपदेश फार जोरात आहे. रविवारी सकाळी सभागृहं भाड्याने घेऊन तो दिला जातो, मोबाईलवर मिनिटभराच्या चित्रफितींतून दिला जातो, आणि हल्ली सोसायटीच्या गणेशोत्सवातही आरती झाल्यावर ‘आर्थिक साक्षरता’ या नावाखाली दिला जातो. त्याचं सार असं : मराठी नोकरदार मागे राहतो, कारण त्याच्या सवयी पैसा खाणाऱ्या आहेत. टपरीवरचा चहा, शनिवारचा मॉल, हप्त्यावरचा फोन, ओटीटीची वर्गणी हे सगळं सोडा आणि पैसा निर्माण करणाऱ्या सवयी लावून घ्या. शेअर बाजार शिका, नोकरीबाहेर दुसरं उत्पन्न उभं करा. मन घट्ट केलंत की शिस्त येईल आणि शिस्तीमागून श्रीमंती येईल.

या बोलण्यात तथ्यच नाही असं मी म्हणणार नाही. खर्चाची सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही, हे घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. पूर्वी पाचशेची नोट मोडताना हात थबकायचा; आता यूपीआयने पैसे जातात ते कळतही नाही. दहा मिनिटांत दारात येणाऱ्या सामानाने महिन्याची यादी करून वाण्याकडे एकदाच जाण्याची आपल्या घरांतली पद्धत मोडून टाकली, आणि त्या यादीबरोबर ‘हे या महिन्यात नको, पुढच्या महिन्यात बघू’ हा विचारही गेला. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझा वाद दुसरा आहे. शिस्त एकट्याच्या मनोनिग्रहातून येते, हे या उपदेशाचं गृहीतकच चुकीचं आहे. पैशाची शिस्त चार माणसांत बांधून घ्यावी लागते. हे विसरल्यामुळे हा उपदेश उपनगरातल्या माणसाला एका खर्चातून बाहेर काढतो आणि त्याहून महागड्या खर्चात नेऊन सोडतो.

आधी चहाचाच हिशोब मांडू, कारण बहुतेक वक्ते तिथूनच सुरुवात करतात. दिवसातून दोन चहा, पंधरा रुपयांप्रमाणे तीस रुपये. कामाचे सव्वीस दिवस धरले तर महिन्याचे ७८० रुपये. ते दरमहा म्युच्युअल फंडात घातले आणि वीस वर्षं बारा टक्के परतावा न चुकता मिळाला, तर सुमारे पावणेआठ लाख होतात. फळ्यावर हा आकडा उमटला की सभागृह हरखून जातं. पुढचा आकडा मात्र फळ्यावर येत नाही. महागाई सहा टक्के धरली तर त्या पावणेआठ लाखांची आजची किंमत अडीच लाखांच्या आत भरते. बोरिवलीत चौरस फुटाला पंचवीस हजारांचा भाव धरा. वीस वर्षं चहा न पिता माणसाने जेमतेम दहा चौरस फूट जागा मिळवली, म्हणजे दार उघडून आत पाऊल टाकण्यापुरती.

आता त्याच माणसाच्या खऱ्या खर्चाकडे बघा. पन्नास लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत : हप्ता ४३,४०० रुपयांच्या घरात जातो. मुदत संपेपर्यंत बँकेत एक कोटी चार लाख भरले जातात; मुद्दल पन्नास लाख आणि व्याज चोपन्न लाख. याच कर्जात वर्षाला फक्त एक हप्ता जादा भरला तर कर्ज साडेतीन वर्षं आधी फिटतं आणि अकरा लाखांच्या आसपास व्याज वाचतं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले म्हणून बँकेला वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेता येत नाही, हेही अनेकांना माहीत नसतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. तेव्हा असंख्य कर्जदारांचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत कित्येक वर्षांनी लांबली. हप्ता बदलला नाही म्हणून त्यांना पत्ताच लागला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना सांगावं लागलं की दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. बँकेत जाऊन ‘माझी शिल्लक मुदत किती?’ एवढं विचारणं ही माझ्या मते दहा वर्षं चहा सोडण्यापेक्षा मोठी आर्थिक शिस्त आहे. पण व्याख्यानांत ती कोणी शिकवत नाही. त्यात मनोबलाची भाषा नाही आणि विकण्यासारखंही काही नाही.

भाड्याने राहणाऱ्यांची तऱ्हा याहून कठीण. अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम, दलाली, नूतनीकरणाला वाढीव भाडं, आणि मालकाने ‘घर विकायचंय’ म्हटलं की सामानाचा टेम्पो. मुलांची शाळा अंधेरीत आणि परवडणारी खोली विरारला, अशी कसरत करणाऱ्या कुटुंबाला चहाच्या कपावरून सुनावणं मला निर्दय वाटतं.

सवयींना भूगोल असतो, हे या वक्त्यांच्या ध्यानातच येत नाही. घाटकोपरहून मुलुंडकडे लाल बहादूर शास्त्री मार्गाने गेलात तर गेल्या पन्नास वर्षांत काय झालं ते रस्ताच सांगतो. कांजूरमार्गला क्रॉम्प्टन ग्रीव्हज, भांडुपला गेस्ट कीन विल्यम्स आणि सिएट, मुलुंडला जॉन्सन अँड जॉन्सन, अलीकडे कुर्ल्याला पद्मिनी मोटारी बनवणारी प्रीमियर : हा सगळा पट्टा भोंग्यावर जागा व्हायचा. पश्चिमेला विलेपार्ल्यात १९२९ पासून पार्लेचा कारखाना होता. स्टेशनात गाडी शिरली की भाजक्या बिस्किटांचा वास यायचा. तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. प्रीमियरच्या गाड्या त्याआधीच थांबल्या. भांडुपचं सिएट अजून चालतं, पण त्याच्या दोन्ही बाजूंना आता मनोरे आणि मॉल आहेत. घाटकोपरचा आर सिटी मॉल २००९ चा.

या कारखान्यांतला कामगार काही साधुसंत नव्हता. तोही चहा प्यायचा, विडी ओढायचा, पगाराच्या संध्याकाळी कधी वाटही चुकायचा. तरीही त्याचं घर उभं राहिलं, गावची कौलं बदलली, मुली शिकल्या. कारण पगार हातात पडायच्या आधीच त्यातून भविष्यनिर्वाह निधी कापला जायचा, कंपनीच्या पतपेढीची वर्गणी कापली जायची, कर्जाचा हप्ता कापला जायचा. उरलेल्यात घर चालवायचं. दिवाळीचा बोनस कशासाठी हे आधीच ठरलेलं असायचं. आज त्याचा मुलगा किंवा नातू त्याच रस्त्यावर मॉलच्या दारात सुरक्षारक्षक आहे, काउंटरवर उभा आहे किंवा पाठीवर चौकोनी पेटी बांधून लोकांचं जेवण पोचवतो आहे. अनेकांना ना पतपेढी, ना ग्रॅच्युइटीची खात्री. पैसे रोजचे रोज किंवा आठवड्याला खात्यात पडतात आणि तसेच निघून जातात. या मुलाचं मन बापापेक्षा कमकुवत आहे, हे मला कोणी सिद्ध करून दाखवावं. बापाच्या पगाराला जी कुंपणं होती ती याच्या कमाईला नाहीत, एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

आता औषधाकडे येतो. ‘पैसा निर्माण करणारी सवय’ म्हणून उपनगरांतल्या तरुणांच्या हातात नेमकं काय दिलं जातं? बहुतेक वेळा फ्युचर्स-ऑप्शन्सचं खातं आणि ते शिकवणारा महागडा वर्ग. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास समोर आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त लोकांनी वैयक्तिकरीत्या या सौद्यांत पैसे घातले. त्यातल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला. दलाली-शुल्क धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख आणि सर्वांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. तीन-चतुर्थांशांहून जास्त लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या खाली दाखवलं होतं. तीस वर्षांखालच्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. त्या सौद्यांत नफा झाला तो प्रामुख्याने मोठ्या दलाली पेढ्यांच्या स्वतःच्या खात्यांना आणि परदेशी संस्थांना, तोही जवळजवळ सगळा संगणकावर आपोआप चालणाऱ्या सौद्यांतून. म्हणजे अंधेरी लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने निफ्टीचा ऑप्शन घेणारा मुलगा त्या यंत्रांशी झुंजत असतो.

सलग दोन वर्षं तोटा होऊनही त्यांतल्या तीन-चतुर्थांशांहून जास्त लोकांनी सौदे चालूच ठेवले, हेही त्याच अभ्यासात आहे. व्यसनाचं याहून स्पष्ट लक्षण कोणतं? मॉलमध्ये उडवलेल्या दोन हजारांचे निदान कपडे तरी घरी येतात. इथे दोन लाख जातात आणि माणूस घरी सांगतही नाही, कारण आपण ‘शिकतो आहोत’ असं त्याला वाटत असतं. याला मी उपभोगच म्हणेन, आणि तोही सर्वांत घातक प्रकारचा, कारण त्याच्या अंगावर कष्टाळूपणाचा सदरा घातलेला आहे.

‘पैसा झोपू देऊ नका, त्याला कामाला लावा’ हे वाक्य ज्यांनी मनावर घेतलं त्यांचं काय झालं ते जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेस नावाच्या कंपनीच्या बंद दारासमोर दिसलं. आठवड्याच्या आठवड्याला परताव्याचं आमिष दाखवून हजारो लोकांकडून पैसे गोळा केले गेले होते. रडत उभ्या असलेल्या त्या गर्दीत दादरच्या बाजारात भाजी विकणारे लोक होते, पहाटे तीनला उठणारे. त्यांना उधळे म्हणायची कोणाची प्राज्ञा आहे? त्यांनी चैन केली नव्हती. त्यांनी उपदेश ऐकला होता.

उलट, जे खरोखर निर्माण करणारं काम आहे त्याला या वक्त्यांच्या हिशोबात जागाच नाही. ‘तुमच्या एका तासाची किंमत काढा, स्वयंपाकात दोन तास घालवण्यापेक्षा डबा मागवा आणि त्या वेळात कौशल्य वाढवा,’ हा सल्ला मी कितीतरी वेळा ऐकला आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी बाई त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते, पुरुष ८८ मिनिटं. मुंबईतल्या मराठी घरांची जी काही बचत गेल्या तीन पिढ्यांत झाली, ती मुख्यतः या २८९ मिनिटांतून झाली. घरातल्या पुरुषाने उद्यापासून त्यांतला तास-दीड तास स्वतःकडे घेतला, भाजी निवडली, डबे भरले, शाळेतून मुलाला आणलं, तर ती बाई त्या वेळात कमवू शकेल असं बरंच काही या शहरात आहे. हा मुद्दा मी कुठल्याही अर्थव्याख्यानात ऐकलेला नाही. श्रोत्यांत पुरुष जास्त असतात, म्हणूनही असेल.

घरातलंच काम कमाईचं होणं गिरणगावात फार आधी घडलं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांना एकत्र केलं आणि पहिल्या चौदा जणींना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पोळ्या लाटणं त्या आधीही करतच होत्या. त्यांची सवय बदलायची गरजच नव्हती. सावकार बदलायचा होता, आणि तो एकटीला बदलता येत नव्हता.

लिज्जतची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण ती सांगितली जाते ती ‘ऐंशी रुपयांतून सोळाशे कोटी’ अशी, जणू सात जणींना श्रीमंत व्हायचं होतं. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी उसन्या ऐंशी रुपयांवर पापड लाटले, पहिल्या दिवशी चार पुडे झाले, भुलेश्वरच्या व्यापाऱ्याला दिले, हे खरं. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. उपनगरात पाय रोवायचा त्यांचा पहिला प्रयत्न, १९६१ चा मालाडचा, फसला होता. हे फार कमी जणांना ठाऊक आहे. पण मला महत्त्वाचे वाटतात ते त्यांनी सुरुवातीलाच घालून घेतलेले नियम. तोटा झाला तरी कोणाकडे देणगी मागायची नाही. हिशोब चोख ठेवायचा. लाटणारी प्रत्येक बाई मालकीण, तिला म्हणायचं ‘भगिनी’, आणि नफा झाला तर सगळ्यांत वाटायचा.

आजही हे काम कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. सकाळी संस्थेची छोटी बस ठरलेल्या नाक्यांवरून बायकांना घेते. त्यांच्या पिशवीत आदल्या दिवशी लाटून वाळवलेले पापड असतात. केंद्रावर ते तपासले जातात, वजन होतं, वणाईचे, म्हणजे लाटण्याच्या मजुरीचे, पैसे मिळतात आणि आजचं मळलेलं पीठ घेऊन त्या घरी परततात. बाकीचा दिवस घर सांभाळून लाटायचं. लाटणारीच्या घराची स्वच्छताही संस्था तपासते. आता यात शिस्त कुठे आहे ते बघा. पापड जाड झाला तर परत येतो. बस चुकली तर दिवस बुडतो. कमाई आज किती झाली ते आजच कळतं आणि ती बाईच्या स्वतःच्या हातात पडते. तिच्या मनोबलाची परीक्षा कोणी घेत नाही. कामाची घडीच अशी बसवली आहे की शिस्त पाळणं सोपं जातं आणि मोडणं अवघड. ४५ हजारांवर बायका या घडीत आहेत. इतक्या जणींना प्रेरणादायी भाषणं देऊन हे साधलं असतं, असं कोणी म्हणालं तर मी ते मानणार नाही.

घाटकोपरच्या पंतनगरात माझी मावशी भिशी चालवायची. म्हाडाची जुनी इमारत, बारा बायका, महिन्याला हजार रुपये. पाच तारखेला दुपारी चारला तिच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी पडायची. दोनशेपानी वही, त्यात बारा रकाने, प्रत्येकीची सही; एका आजींचा अंगठा. पहिला नंबर चालवणारीचा, पुढचे चिठ्ठ्या टाकून. एकदा तळमजल्यावरची एक नवी सून दारातच थांबली आणि हळूच म्हणाली, “काकू, या महिन्यात पाचशेच देते. ह्यांचा पगार झाला नाही.” मावशी म्हणाली, “पाचशे दे, पण आत ये आणि सगळ्यांसमोर सांग.” ती आत आली, सांगितलं. उरलेले पाचशे दोघींनी मिळून घातले आणि वहीत तिच्या नावापुढे पेन्सिलने लिहिलं गेलं. पुढच्या महिन्यात तिने दीड हजार आणले. तिसऱ्या महिन्यात चिठ्ठी दुसरीच्या नावावर निघाली होती, तरी तिच्या मुलाच्या शाळाप्रवेशासाठी ती रक्कम तिला दिली गेली.

त्या बारा हजारांतून काय काय झालं ते मी पाहिलं आहे. एकीने पिको-फॉलचं मशीन घेतलं. दुसरीने घरघंटी घेतली आणि दिवाळीत चकलीची भाजणी दळून द्यायला लागली. दोघींनी बांगड्या केल्या, एकीने टीव्ही घेतला. टीव्ही घेणारीला कोणी नावं ठेवली नाहीत आणि तिनेही पुढे वर्षभर एकही हप्ता चुकवला नाही. उपभोग आणि उत्पादन यांच्यामध्ये वक्ते जी काळी-पांढरी रेघ मारतात ती खऱ्या घरांत अशी नसतेच. टीव्ही आधी पैसे साठवून आला की उधारीवर, हा प्रश्न टीव्हीपेक्षा मोठा आहे.

इथे माझे विरोधक एक चांगला आक्षेप घेतील, आणि तो मी टाळणार नाही. भिशीवाले पळून जातात. पतपेढ्या बुडतात. चार माणसांत पैसा ठेवला की चारही जण बुडतात. त्यापेक्षा आपला पैसा आपल्या मोबाईलमध्ये बरा.

या आक्षेपाचं सर्वांत ठसठशीत उदाहरण आपल्याच उपनगरातलं आहे. भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. पहिल्या दिवशी जाहीर झालं की सहा महिन्यांत खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील. भांडुप-मुलुंडच्या शाखांसमोर त्या सकाळी निवृत्त माणसं, घरकाम करणाऱ्या बाया, छोटे दुकानदार, सोसायट्यांचे सचिव उभे होते. अकरा हजार कोटींहून अधिक ठेवी. दिलेल्या कर्जांपैकी सुमारे सत्तर टक्के एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेलेली आणि हजारो बनावट खात्यांच्या आड लपवलेली. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरच्या ठेवीदारांना मात्र दहा वर्षांपर्यंत पसरलेलं वेळापत्रक मिळालं. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षं.

मला विचाराल तर हे उदाहरण त्यांच्याच विरोधात जातं. त्या रांगेतल्या माणसांनी उपदेशातला प्रत्येक नियम पाळला होता. चैन केली नव्हती, दरमहा बचत केली होती, मुदतठेवी मोडल्या नव्हत्या. वैयक्तिक शिस्तीचा कळस त्यांनी गाठला होता आणि तरीही औषधाला पैसे नव्हते. कमी पडली ती सर्वांनी मिळून ठेवायची नजर. आपण सभासद होतो, ठेवीदार होतो, पण पैसा कोणाला दिला हे विचारणारे उरले नव्हते. सहकाराची सवय सुटली आणि फक्त व्याजदराची सवय राहिली.

म्हणून काही गोष्टी साध्या शब्दांत सांगतो. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत माणशी पाच लाखांपर्यंत आहे. त्याआधी १९९३ पासून ते एक लाखच होतं. सहकारी पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. दोन्हींच्या पाट्या रस्त्यावर सारख्याच दिसतात, म्हणून आत जाण्याआधी हे विचारा. सगळी पुंजी एका जागी नको. जिथे सरकारची हमी हवी तिथे पोस्ट आहे : आवर्ती ठेव दरमहा शंभर रुपयांपासून सुरू होते, सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचं (पीपीएफ) खातं वर्षाला पाचशेपासून. पगार ज्या तारखेला होतो त्याच्या दुसऱ्याच दिवशीची कपात लावून घ्या, म्हणजे कंपनीची पतपेढी बापासाठी जे करायची ते निदान काही प्रमाणात तुमच्यासाठी होईल.

आणि कर्जाच्या बाबतीत मी त्या वक्त्यांपेक्षा कडक आहे. क्रेडिट कार्डाची ‘किमान देय रक्कम’ भरून महिना ढकलणाऱ्या माणसाला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के व्याज लागतं. बेचाळीस टक्के खात्रीने देणारी गुंतवणूक या जगात नाही. त्यामुळे कार्डावर देणं बाकी असताना जो सल्लागार तुम्हाला गुंतवणूक सुरू करायला सांगतो, तो तुमचा हितचिंतक नाही. आधी ते देणं फेडा. त्यासाठी गरज पडली तर बायकोचे दागिने नव्हे, स्वतःचा नवा फोन विका. घरात सगळ्यांना सांगा, त्या नव्या सुनेने सांगितलं तसं. लपवलेलं कर्ज फिटत नाही, वाढतं.

शेवटचा आक्षेप वेळेचा. बोरिवलीहून चर्चगेटला रोज जाऊन येणारा माणूस पतपेढीच्या सभेला कधी जाणार, भिशी कधी सांभाळणार, हे विचारलं जातं. शेअर बाजाराच्या वर्गाला मात्र तोच माणूस दोन-दोन रविवार देतो आणि वर पैसेही मोजतो. महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तुमच्या नोकरीच्या पतपेढीची असेल, वस्तीतल्या पतसंस्थेची असेल, तुम्ही सभासद असलेल्या नागरी बँकेची असेल. तिथे एक दुपार जाते. नाश्त्याची पाकिटं वाटून वीस मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ म्हणत सभा उरकली जाते, तिथेच उभं राहायचं. अहवालाची प्रत आधी मागून घ्यायची. लेखापरीक्षणात संस्थेला कोणता वर्ग मिळाला, अ की ब की क? थकलेली कर्जं एकूण कर्जांच्या किती टक्के? सर्वांत मोठ्या दहा कर्जदारांकडे मिळून किती रक्कम आहे? संचालकांच्या नातेवाइकांकडे किती? अध्यक्ष म्हणतील, ‘नंतर कार्यालयात या, सांगतो.’ तेव्हा म्हणायचं, इथेच सांगा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावायचं. शेजारी बसलेल्या दोघांना आधीच सांगून ठेवलं असेल तर तेही उभे राहतात.